पाकीट देऊन टाका, बाकीचं मग बघू

दर रविवारी सकाळी सात वाजता कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ-दहा जण जमतात. मी कॉलेजात असताना जूदो खेळायचो, त्यामुळे "दादा, आम्हाला स्वसंरक्षणाचं काहीतरी शिकवा" हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची मागणी ठरलेली असते: चाकू घेऊन कोणी समोर आला तर हात पिरगाळून तो काढून कसा घ्यायचा? मी म्हणतो, चला, करूनच बघू. एकाला जुना पांढरा शर्ट घालायला देतो आणि दुसऱ्याच्या हातात लाल मार्कर. मार्कर म्हणजे चाकू. शर्टवाल्याने तो हिसकावून घ्यायचा, एवढाच खेळ.

मागच्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या, रोज जिम मारणाऱ्या एका पोराने मार्कर खरोखरच काढून घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने खाली पाहिलं. शर्टावर अकरा रेघा होत्या. सहा डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत. चार बरगड्यांवर. आणि एक कॉलरच्या वर, मानेच्या कातडीवर. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याच्या आईने विचारलं, "अरे, हे डाग निघतील ना?"

चाकू काढून घेणं अगदीच अशक्य नसतं. पण तो हातात येईपर्यंत काय काय होऊन गेलेलं असतं, ते त्या शर्टावर लिहिलेलं होतं.

समोरच्याने काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं. तुम्हाला मात्र आधी ते दिसायला हवं, मग कळायला हवं, मग काय करायचं ते सुचायला हवं, आणि मग कुठे हात हलणार. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये हे घड्याळ लावून मांडलं. धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून झाडायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे पार्किंगमधल्या दीड मोटारीएवढी लांबी. लुटारू तर हातभर अंतरावर उभा असतो. आणि तुमच्या कमरेला पिस्तूल नसतं, खांद्याला डब्याची पिशवी असते.

त्यात शरीरही वेगळंच वागायला लागतं. भीतीने रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळतं, छाती धडधडते, आणि बोटांची बारीक कामं बंद पडतात. किल्ली कुलपात जात नाही, मोबाईलचा पॅटर्न चुकतो. नजर एकाच गोष्टीवर खिळते, बहुतेक वेळा पात्यावर, आणि बाजूने येणारा दुसरा दिसतच नाही. काही जणांचे पाय जागच्या जागी थिजतात. ती भित्रेपणाची खूण समजू नका, भल्याभल्यांचं तसं होतं. व्हिडिओत पाहिलेला तीन टप्प्यांचा डाव अशा हातांना जमत नाही. म्हणून माझ्या वर्गात डाव कमी आणि चालणं-बोलणं जास्त असतं. त्यावर लोक थोडे नाराजही होतात.

हिसका

पुण्यात रस्त्यावर लुबाडलं जाण्याचा सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे दुचाकीवरून आलेले दोघे. पेपरात ती ओळ इतक्यांदा छापून आली आहे की ती आता नुसती डोळ्यांखालून जाते. पुढचा गाडी चालवतो, मागचा हात घालतो. मंगळसूत्र, गंठण, चेन, किंवा कानाला लावलेला मोबाईल. हे लोक शक्यतो मागून येतात, कारण मागून येणारी गाडी दिसत नाही आणि पुढे निघून जायला रस्ता मोकळा असतो. म्हणून फूटपाथ नसलेल्या गल्लीत रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं. पर्स रस्त्याच्या बाजूला नको, भिंतीच्या बाजूला हवी. रिक्षात बसल्यावर मोबाईल उघड्या बाजूच्या हातात धरून रील बघणं म्हणजे ताट वाढून ठेवणं आहे. हळदीकुंकवाहून किंवा लग्नाहून परतताना पदर गळ्याभोवती घ्या, हा आजीचा सल्ला अजूनही चालतो. हिसका द्यायला आधी साखळी दिसावी लागते.

आणि हिसका बसलाच तर सोडून द्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण हात आपोआप मुठीत वळतो. धावत्या गाडीवरच्या माणसाने पर्सचा पट्टा धरलाय आणि तुम्हीही धरलाय, तर पडणार तुम्ही, डोक्यावर आणि डांबरावर. बॅग छातीवरून तिरपी घेतली की ती सहज ओढून नेता येत नाही, पण ओढली तर माणूसही फरफटत जातो. म्हणून मी स्वतः तिरपी बॅग गर्दीच्या बसमध्ये घेतो, रिकाम्या रस्त्यावर नाही. याबाबत माझ्याशी वाद घालणारे बरेच जण आहेत.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार आता वेगळा नोंदला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खास हिसकावण्यासाठी आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. जुन्या दंड संहितेत असं स्वतंत्र कलम नव्हतं. त्यामुळे साखळी ओढली तर ती नुसती चोरी की जबरी चोरी, असा घोळ व्हायचा.

बतावणी

माझ्या मावशीचं वय ६८. डहाणूकर कॉलनीत राहते, सकाळी दूध आणि फुलं आणायला बाहेर पडते. एका सकाळी साध्या कपड्यातले दोघे तिच्यासमोर येऊन थांबले. "आजी, आम्ही पोलीस. पुढच्या चौकात काल खून झालाय, तपासणी चालू आहे. एवढं सोनं अंगावर घालून कुठे निघालात? काढा, पर्समध्ये ठेवा." तेवढ्यात तिसरा एक जण चालत आला. त्यालाही त्यांनी दरडावलं, आणि त्याने निमूटपणे गळ्यातली चेन काढून दिली. त्यांनी ती कागदात बांधून त्याला परत केली. अर्थात तोही त्यांचाच. मावशीने बांगड्या काढल्या. त्यांनी तिच्यासमोरच पुडी बांधली, तिच्या पर्समध्ये ठेवली, वर "जपून जा" म्हणाले. घरी येऊन उघडली तर आत दोन खडे.

तिला सोन्यापेक्षा जास्त कशाचं वाईट वाटलं, तर आपण त्यांना "थँक्यू हं बाळा" म्हणालो याचं.

यात ना चाकू आहे ना धक्काबुक्की. तरी स्वसंरक्षणाबद्दल बोलताना मी या प्रकारावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कारण इथे हात-पाय नाही, तोंड चालवायचं असतं, आणि ते कुठल्याही वयात जमतं. रस्त्यात थांबवून दागिने काढायला लावणं हे पोलिसांचं काम नाही. कोणी असं म्हणालं की एकच वाक्य: "चला चौकीत, तिथे काढते." आवाज मोठा ठेवायचा, पाय न थांबवता चालत राहायचं, आणि सगळ्यात जवळच्या उघड्या दुकानात शिरायचं. खरा पोलीस असेल तर त्याला राग येण्याचं कारण नाही.

आपली अडचण अशी की पत्ता विचारणाऱ्याला उत्तर देणं हा आपल्याला शिष्टाचार वाटतो. आणि पुण्यात तर पत्ता सांगणं हा अभिमानाचाही विषय. सांगा की. पण दोन हात लांब उभं राहून सांगा. समोरचा एक पाऊल पुढे आला तर आपण एक पाऊल मागे. "अहो, ऐकू येत नाही, जरा जवळ या" असं कोणी गाडीवर बसून म्हणालं, तर त्याला ऐकू न आलेलं बरं. मावशीच्या पिढीला हे उद्धटपणाचं वाटतं. म्हणून तिच्याकडून मी ते मोठ्याने म्हणवून घेतो: "तिथूनच बोला." पहिल्यांदा म्हणताना तिला हसूच आवरेना.

समोर पातं असेल तेव्हा

आता ज्यासाठी लोक वर्गाला येतात ते. रात्री उशिरा सुनसान रस्ता, टेकडीवरची वाट, तीन-चार पोरं, एकाच्या हातात कोयता. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई या परिसरात फिरणाऱ्यांना, विशेषतः जोडप्यांना, अडवून लुटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. अंधार पडायच्या आत टेकडी उतरावी हे सांगायला मला आवडत नाही. टेकडी सगळ्यांची आहे. तरी सांगतो.

समोरचा मागतोय ती वस्तू असेल तर ती द्यायची. कशी द्यायची यालाही महत्त्व आहे. झटकन खिशात हात घातला तर त्याला वाटतं तुम्ही काहीतरी हत्यार काढताय. तोही घाबरलेला असतो, त्यात नशेत असेल तर विचारूच नका. दोन्ही तळवे छातीसमोर, उघडे. यातून "मी भांडत नाही" हे दिसतं, आणि वेळ आलीच तर हात आधीच वर असतात. मग बोलून दाखवायचं: "पाकीट मागच्या खिशात आहे. काढतोय." एका हाताने, सावकाश. शिव्या नाहीत, "तुला बघून घेईन" नाही, चेहऱ्याकडे रोखून बघणं नाही. अंतर दहा फुटांच्या वर असेल तर पाकीट एका बाजूला टाकून दुसऱ्या बाजूला पळता येतं. हातभर अंतरावर असताना फेकाफेकी करू नका, त्याच्या डोक्यात राग जातो.

लढायचं कधी? माझ्या हिशेबाने दोनच वेळा. वस्तू देऊन झाल्यावरही तो अंगावर येत असेल तेव्हा. आणि तो म्हणत असेल "गाडीत बस" किंवा "चल तिकडे झाडीत" तेव्हा. दुसरी वेळ जास्त गंभीर. जिथे त्याने तुम्हाला गाठलं, तिथे निदान रस्ता आहे, कोणी येण्याची शक्यता आहे. तो तुम्हाला जिथे नेऊ पाहतोय ती जागा त्याने त्याच्या सोयीने निवडली आहे. तिथे जायचं नाही, मग लागेल ती जखम पत्करून.

अशा वेळी हाताच्या टाचेचा, म्हणजे तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाचा, नाकावर खालून वर फटका. मूठ नको. सराव नसलेल्याची बोटंच मोडतात. जवळ असेल तर कोपर, गुडघा, दात. मनगट धरलं असेल तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात फिरवून ओढा. पकडीत एका बाजूला चार बोटं असतात आणि दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा, तिथूनच ती सुटते. हे सगळं करायचं ते पळायला दोन सेकंद मिळावीत म्हणून. त्याला आडवा करण्यासाठी नाही. पळायचं उजेडाकडे आणि माणसांकडे: मेडिकलचं दुकान, पेट्रोल पंप, हॉस्पिटलचं गेट. मागे कोणी असेल तर घराकडे नाही, तुमचा जिना त्याला कशाला दाखवायचा.

ओरडताना एकाच माणसाला धरून ओरडा. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की बघणारे जितके जास्त, तितकी एकेकाची मदतीला उठण्याची शक्यता कमी. प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. म्हणून "वाचवा" याच्या पुढे "ओ निळा शर्ट, ११२ लावा!" हे हवं. नाव घेतल्यासारखं झालं की माणूस हलतो.

इथे कोणीतरी मला हमखास सदाशिव पेठेची आठवण करून देतं. जून २०२३ मध्ये तिथे एका तरुणीवर भर रस्त्यात कोयत्याने हल्ला झाला, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी तो कोयता रोखून तिला वाचवलं. मग त्यांना कसं जमलं? ती लूटमार नव्हती, जीव घेण्याचा प्रयत्न होता, म्हणजे "देऊन टाका" म्हणायला तिथे काही नव्हतंच. शिवाय हल्लेखोराचं सगळं लक्ष एकीवर असताना मदत बाहेरून आली. ज्याच्यावर पातं उगारलेलं आहे त्याच्यापेक्षा बाजूच्या माणसाला थोडा जास्त वेळ मिळतो. त्या पोरांचं धाडस कमी करण्याचा माझा हेतू नाही. मला ते जमलं असतं का, मी सांगू शकत नाही.

मिरची स्प्रेबद्दल दर आठवड्याला विचारणा होते. चांगली गोष्ट आहे, फक्त ती पर्सच्या तळाशी चार्जरच्या वायरीत गुंतलेली असेल तर शून्य किमतीची आहे. हातात असेल, वारा तुमच्या पाठीकडून असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर डोळे मिटतात, खोकला सुटतो आणि तुम्हाला पळायला वेळ मिळतो. एकदा मैदानात उडवून बघा. भांडणात मात्र तो वापरायचा नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वादावादीत मारलेल्या स्प्रेला प्रथमदर्शनी घातक हत्यार मानलं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. चाकू बाळगण्याचा तर विचारही नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त शस्त्रं, लाठ्या वगैरे जवळ बाळगायला वेळोवेळी मनाई करतात. लुटारूऐवजी नाकाबंदीत तुम्हीच सापडाल. आणि ज्याला चाकू चालवायची सवय नाही, त्याचा चाकू समोरच्याच्या हातात जायला वेळ लागत नाही.

"मी मारलं तर मलाच आत टाकतील का?"

हा प्रश्न बहुतेक पुरुष विचारतात. कायदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा तुमच्या बाजूने आहे. चाकू दाखवून लुटणं ही जबरी चोरी, न्याय संहितेचं कलम ३०९, शिक्षा १० वर्षांपर्यंत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर केली तर १४ पर्यंत. घातक शस्त्र वापरलं तर कलम ३११ प्रमाणे किमान ७. आणि कलम ३४ ते ४४ मध्ये स्वतःच्या, दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिला आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर इजा होण्याची रास्त भीती असेल, किंवा जबरी चोरी चालू असेल, तर बचावात समोरच्याचा मृत्यू झाला तरी तो हक्क टिकू शकतो.

अट दोन ठिकाणी आहे. गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्क नाही. समजा कोयता तुमच्यावर रोखलेला आहे आणि तुम्ही हेल्मेट फिरवलं, त्याचा जबडा मोडला. तुमचा बचाव भक्कम. आता कोयता खाली पडलाय, तो पाठ फिरवून पळतोय, आणि तुम्ही मागून जाऊन तेच हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं. हेल्मेट तेच, माणूस तोच, पण आता भीती संपलेली आहे. जबरी चोरीविरुद्धचा हक्क तात्काळ इजेची भीती असेपर्यंतच चालतो. मधला करडा भाग न्यायालयं समजुतीने बघतात. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की जिवावर बेतलेल्या माणसाने तराजूत तोलून फटके मारावेत ही अपेक्षा चुकीची आहे, आणि कायदा कोणाला भ्याडासारखं वागायला सांगत नाही. पळून जा असं कायदा म्हणत नाही. ते मी म्हणतोय.

चोर सापडला की जमाव त्याला चोप देतो आणि पेपरही "बेदम चोप" असं कौतुकाने छापतात. तो चोप बचावात मोडत नाही. नागरिकाला अशा गुन्हेगाराला पकडता येतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० त्यासाठीच आहे. पण विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

नंतरचा एक तास

आधी अंग चाचपा. अ‍ॅड्रिनलिनमुळे खोल जखमही जाणवत नाही. रक्त वाहत असेल तर ओढणी, रुमाल, काय असेल ते जखमेवर दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. पातं आत रुतलं असेल तर उपसू नका. १०८ ला फोन.

मग कोणाशी बोलण्याआधी, आठवतंय तसं लिहून काढा. चार जणांनी चार प्रश्न विचारले की आठवण बदलत जाते. गाडीचा अर्धा नंबरही चालतो. जॅकेट पुढच्या वळणावर बदलतं, चपला-बूट सहसा तेच राहतात.

तक्रारीबाबत एक अनुभव. औंधहून पूल ओलांडला की सांगवी, आणि २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झाल्यापासून सांगवी तिकडे. माझ्या एका मित्राचा मोबाईल त्या बाजूला हिसकावला गेला. एका ठिकाणी त्याला सांगितलं, ही हद्द आमची नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात आणि त्याची प्रत तुम्हाला मोफत मिळते. ऑनलाइन तक्रार केली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. आपल्या हाताने कलमाचा आकडा कागदावर लिहून नेला की बोलणं लवकर संपतं, असा मित्राचा अनुभव.

मोबाईल गेला असेल तर खरी घाई सिमची. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. म्हणून आधी मोबाईल कंपनीला फोन करून सिम बंद, लगेच बँकेला. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. मग त्याच नंबरचं नवं सिम आणि पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो, देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो चालत नाही. आजच करण्यासारखं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन सिमला पिन लावा. दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय ते उघडत नाही.

हँडसेट ब्लॉक करायला त्याचा १५ आकडी आयएमईआय नंबर लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. फोन हातात असताना. मावशीला मी तो कॅलेंडरच्या मागे लिहून दिला होता. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं आणि जुनं रद्दीत गेलं. आता तिने तो कपाटाच्या दाराच्या आत, गॅसच्या नंबराच्या खाली, खडूने लिहिलाय.